मी बांधलेला फ्यूज

वीजखात्यात मी एकतीस वर्षं लाइनमन होतो. जवळा बाजारच्या आसपास कुठं कुणाचा पंप बंद पडला, की माणूस आधी माझ्या दारात यायचा. मग मी जायचो. स्टार्टरची पेटी उघडायची, जळालेला फ्यूज काढायचा, खिशातल्या वायरीच्या चार तारा सोलून त्याला पिळायच्या आणि बटण दाबायचं. पाणी सुरू. शेतकरी खूश, मी खूश. आमच्याकडं याला फ्यूज बांधणं म्हणतात. दुकानातून मापाचा फ्यूज आणून बसवणाऱ्या माणसाला आम्ही लाइनमन समजतच नव्हतो. त्याला आम्ही हसायचो.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी चारचाकी घेतली. उसाचा हंगाम सुरू झाला, की वसमतच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते. मागं दिवा नाही, लाल कापड नाही, काही नाही. संध्याकाळी घरी परतताना माझा जीव मुठीत असायचा. म्हणून मी हेडलाइटला मूळच्यापेक्षा मोठे बल्ब टाकून घेतले. उजेड असा पडायचा, की पार लांबचं बाभळीचं झाड दिसावं. मी भेटेल त्याला बोलावून दाखवायचो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी अंगणातच हेडलाइट गेले. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि नातू महिन्याचा झाला होता. तिनं एका खांद्यावर बाळ घेतलं आणि दुसऱ्या हातानं मोबाइलची बॅटरी माझ्या गुडघ्याजवळ धरली. फ्यूज जळाला होता. मी सवयीनं खिशात हात घातला.

"बाबा, काहून जळाला असंल?" तिनं विचारलं.

"जुना झाला असंल."

"मग विकतचा आणू ना. उद्या बाजारच हाय."

"एकतीस वर्षं हेच केलं बाई म्या. तू नीट बॅटरी धर."

तिनं नीट धरली. मी तारा पिळल्या, फ्यूज बसवला, दिवा लागला. बाळानं उजेडाकडं बघून डोळे मिचकावले आणि आम्ही दोघं हसलो. फ्यूज का जळाला हा तिचा प्रश्न तिथंच राहिला.

पुढच्या महिन्यातली गोष्ट. बाळाला सकाळपासून कणकण होती आणि दुपारी ताप वाढला. बायकोनं ओल्या फडक्यानं अंग पुसलं. चारच्या सुमारास त्याचे हात ताठ झाले, डोळे वर गेले आणि ओठ निळसर पडले. किती वेळ ते चाललं मला सांगता येणार नाही. लेक माझ्याकडंच बघत होती. गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलं. झटका थांबला, पण ते म्हणाले, "इथं थांबू नका. वसमतला लहान लेकरांच्या डॉक्टरकडं न्या, आत्ताच. पुन्हा झटका आला तर माझ्याकडं काही न्हाई." सरकारी गाडीला फोन केला, तर ती औंढ्याला दुसरा पेशंट घेऊन गेलेली. तासभर लागेल म्हणाले.

"आपली गाडी हाय की," मी म्हणालो. त्या क्षणी मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

पहिलं बाळंतपण माहेरचं. लेक आणि बाळ सुखरूप परत पाठवणं ही माहेरच्यांची जबाबदारी. हिंगोलीला जावयाला फोन करायचा होता. मी बायकोला म्हणालो, आधी डॉक्टरला दाखवू, मग सांगू. खरं सांगायचं तर माझी हिंमत होत नव्हती. त्यांचं लेकरू आमच्या पदरात घातलेलं होतं आणि ते तापानं फणफणत होतं.

आम्ही निघालो तेव्हा ऊन कलून गेलं होतं. बायको माझ्याशेजारी बाळ घेऊन बसली आणि लेक माझ्या मागच्या सीटवर. हिवाळ्याचा दिवस लगेच मावळतो. गावाबाहेर पडलो आणि मी हेडलाइट लावले. लागले. चार-पाच किलोमीटर गेलो असू. एका वळणावर समोरचा रस्ता एकदम नाहीसा झाला.

मी ब्रेक दाबला. बाजूला एक फाटा होता. तिथं पंक्चरचं दुकान आणि चहाची टपरी. गाडी तिथं घेतली. बारके पार्किंगचे दिवे लागत होते, इंडिकेटर लागत होते, हॉर्न वाजत होता. फक्त हेडलाइट नाही. बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद, पुन्हा चालू. बाळ बायकोच्या मांडीवर बारीक आवाजात कण्हत होतं.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही न्हाई. दोन मिनिटं."

मला अंधारात काम करायची सवय. आधी फ्यूज. माझ्या तारा जागच्या जागी, एकही तुटलेली नाही. उलट मला अभिमानच वाटला. मग बॉनेट उघडलं. दोन्ही बल्ब एकदम जाणार नाहीत, तरी एक काढून पाहिला. धड होता. गाडीच्या बॅटरीची टोकं हलवून पाहिली. मग हेडलाइटच्या वायरीचा जोड. तो उपसला, घासला आणि पुन्हा घट्ट बसवला. आता लागणारच अशी माझी खात्री होती.

तेवढ्यात मागून वसमतला जाणारी एसटी आली. बायको बाळाला घेऊन खाली उतरली होती. तिनं हात केला आणि गाडी थांबली. कंडक्टर दारातून डोकावून म्हणाला, "लेकरू हाय का? या, चढा लवकर."

आणि मी म्हणालो, "नको, निघा तुमी. झालंच माझं."

हे मी का म्हणालो ते आजही मला नीट सांगता येत नाही. हातात पाना होता आणि गाडी माझी होती. एकतीस वर्षं लोक माझ्याकडं बघत उभे राहिले होते आणि मी त्यांना झालंच म्हणत आलो होतो. दरवेळी ते होतही आलं होतं. कंडक्टरनं घंटी मारली. बायकोचं तोंड उघडं राहिलं. एसटीचे मागचे लाल दिवे वळणाआड गेले, तेव्हा मी आत बसून बटण फिरवलं.

दिवा लागला नाही.

त्यानंतरची काही मिनिटं मला आठवू नयेत असं वाटतं. मी पुन्हा बॉनेटखाली गेलो, पुन्हा स्टीअरिंगखाली वाकलो, त्याच चार वस्तू काढून त्याच जागी बसवल्या. बायको रस्त्याच्या कडेला उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होती. एक जीप वेग न कमी करता गेली. एक मोटारसायकलवाला थांबला, पण त्याच्यामागं आधीच दोघं. लेक गाडीतून उतरली आणि माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"बाबा, लेकराचं अंग लई तापून राहिलं."

"थांब जरा!" मी खेकसलो. तिच्यावर नाही, स्वतःवर. पण ऐकलं तिनं.

पंक्चरवाला एवढा वेळ एका ट्रॅक्टरच्या चाकाशी झटत होता. तो हात पुसत आला. चाळिशीचा असेल, अंगात बनियन. त्यानं काही न विचारता चालकाच्या सीटवर बसून बटण फिरवलं आणि मग ते बटण जिच्या टोकाला असतं त्या स्टीअरिंगच्या उजव्या बाजूच्या दांडीला नाक लावलं. मला ते विचित्र वाटलं.

"काका, इथं वास घ्या," तो म्हणाला.

मी वास घेतला. जळलेल्या प्लास्टिकचा. एवढा वेळ माझं नाक त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"आतलं स्विच जळालंय. बल्ब मोठे टाकलेत ना? त्याला एवढा करंट झेपत न्हाई. पण मंग फ्यूज काहून न्हाई उडला?" असं म्हणत त्यानं खाली हात घातला, फ्यूज ओढून काढला आणि मोबाइलच्या उजेडात धरला. माझ्या तारा लखलखत होत्या. "हे बघा. हे कुणी बांधलं?"

"गॅरेजवाल्यानं," मी म्हणालो.

लेक माझ्या शेजारीच उभी होती. तिनंच त्या संध्याकाळी बॅटरी धरली होती. ती माझ्याकडं बघेल म्हणून मी तिच्याकडं बघितलं नाही.

"मारून टाकलं गाडीला त्यानं," पंक्चरवाला म्हणाला. "असल्या जाड तारा उडतच न्हाईत. खरा फ्यूज उडला असता तर तवाच दुखणं कळलं असतं. असल्या माणसाकडं पुन्हा जाऊ नका."

"न्हाई जाणार," मी म्हणालो.

त्यानं तारा काढून टाकल्या आणि आपल्या डब्यातला एक खरा फ्यूज बसवला. मग म्हणाला, डिपर मारून बघा. डिपर म्हणजे समोरच्याला इशारा द्यायला तीच दांडी आपल्याकडं ओढायची. ओढून धरली की दिवा लागतो, सोडली की जातो. त्याचा संपर्क आत वेगळा असतो. मी दांडी ओढली. समोरच्या टपरीची भिंत उजेडात आली आणि मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"स्विच आत्ता इथं मिळणार न्हाई. ही दांडी अशीच ओढून धरत जावा," तो म्हणाला. "समोरून गाडी आली की सोडा, नाही तर त्याचे डोळे दिपतील. पण जळकं हाय, किती वेळ टिकंल ते मी न्हाई सांगू शकत. हळू जावा."

मी निघालो. उजव्या हाताच्या दोन बोटांनी दांडी ओढून धरायची, उरलेल्या बोटांनी चाक सांभाळायचं, डाव्या हातानं गिअर. रस्त्यात खड्डे. पहिल्याच खड्ड्यात बोटं सुटली आणि आम्ही अंधारात गेलो. दुसऱ्यात पुन्हा. माझी बोटं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत, थंडीत ती आखडतात. तिसऱ्यांदा गाडी रस्ता सोडून कडेच्या मुरमात उतरली, तेव्हा बायकोनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि देवाचं नाव घेतलं.

मग माझ्या खांद्याजवळून, खिडकीच्या बाजूनं, एक हात पुढं आला. लेकीचा. तिनं सीटच्या आणि दाराच्या मधल्या फटीतून हात घातला, माझी बोटं बाजूला केली आणि दांडी पकडली.

"तुमी चाक धरा बाबा. मी हे धरते."

तिचा गाल माझ्या सीटच्या पाठीला टेकलेला होता. तिचा श्वास मला मानेवर लागत होता. पुढं तिचं लेकरू आईच्या मांडीवर होतं आणि तिला ते दिसतही नव्हतं. तिला दिसत होता फक्त रस्ता, माझ्या कानाच्या बाजूनं.

"धर," मी म्हणायचो. "सोड." समोरची गाडी गेली, की पुन्हा "धर." एवढंच आमचं बोलणं. सोड म्हटल्यापासून धर म्हणेपर्यंत समोरच्याचा उजेड डोळ्यात आणि त्याच्यामागं काळंभोर. त्या चार-पाच सेकंदांत रस्त्यावर काय आहे ते देवाला ठाऊक. मी वेग कमी करायचो. वेग कमी केला की बाळाचा विचार यायचा आणि पाय आपोआप खाली जायचा. दांडीतून वास येत होता, मघापेक्षा जास्त. आम्हा तिघांनाही तो येत होता आणि कुणी तसं म्हणत नव्हतं.

"कण्हायचं थांबलं गं लेकरू," बायको मध्येच म्हणाली.

"झोपलं असंल," मी म्हणालो.

"गप पडलंय. झोपल्यासारखं न्हाई."

लेकीचा हात हलला नाही. मला वाटलं, आता ही दांडी सोडून पुढं झेपावेल आणि आई आहे ती, झेपावली तर तिला कोण काय म्हणणार? तिनं फक्त विचारलं, "आई, श्वास हाय का?"

"हाय."

"छातीवर हात ठेवून बस. हात काढू नको."

साखर कारखान्याच्या अलीकडं समोरून टेम्पो आला. त्याचे दोन्ही दिवे थेट तोंडावर. त्यानं इशारा केला, पुन्हा केला.

"सोड," मी म्हणालो.

तिनं सोडली नाही.

"अगं सोड! त्याला दिसून न्हाई राहिलं!"

"बाबा, ट्रॉली!"

मी ब्रेकवर उभाच राहिलो. आमच्या बाजूला, रस्त्यावरच, उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, चाकाला दगड लावलेला, ट्रॅक्टर कुठंतरी निघून गेलेला. उसाची लोंबती टोकं बॉनेटला लागली आणि गाडी थांबली. टेम्पोवाला शिवी हासडून निघून गेला. तिनं माझं ऐकलं असतं, तर आम्ही चौघं त्या उसात घुसलो असतो. हे मी अंदाजानं म्हणत नाही. बॉनेट आणि ट्रॉलीच्या मधून माणूस आडवा जाऊ शकला नसता.

धक्क्यानं बाळ जागं झालं आणि मोठ्यानं रडायला लागलं. अंगातला सगळा जोर लावून. बायको रडत रडत म्हणाली, "रडलं गं, रडलं माझं सोनं." मी चाकावर डोकं टेकलं. मला तिथंच सांगावंसं वाटलं की ती तार माझी, ते बल्ब माझे, ती एसटी मी पाठवून दिली, माझं चुकलं. लेक म्हणाली, "चला बाबा. मी धरलंय."

वसमतचे दिवे दिसायला लागले तेव्हा दांडीतून धूर निघत होता. गावात शिरल्यावर रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड मिळाला आणि मी म्हणालो, "आता सोड." तिचा हात सुटेना. बोटं त्या दांडीभोवती तशीच वळलेली. बायकोनं एका हातानं एकेक बोट सोडवलं. दवाखान्याच्या दारात लेकीनं बाळ घेतलं ते डाव्या हातावर. उजवा नुसता लोंबत होता, तर्जनीच्या आतल्या बाजूला भाजून फोड आला होता. एवढा वेळ ती दांडी तिच्या हातात तापत होती.

डॉक्टरांनी बाळाला आत घेतलं, सुई टोचली, नळी लावली. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाले, आणलं ते बरं केलं, अजून उशीर झाला असता तर मला शब्द देता आला नसता. उशीर हा शब्द त्यांनी सहज वापरला. एसटी आमच्या किती आधी वसमतला पोचली असेल याचा हिशोब मी बाकावर बसून करत होतो. तो मी अजूनही करतो.

सकाळी जावई हिंगोलीहून आले. आधी आत जाऊन लेकराला बघितलं, मग बाहेर येऊन माझ्या पाया पडले. डोळे भरलेले.

"मामा, तुमी होता म्हणून," ते म्हणाले. "ही म्हणली, लाइट गेलं तरी तुमी गाडी आणली."

"असं कसं गेलं पण लाइट?" त्यांनीच पुढं विचारलं.

मी तोंड उघडलं. लेक दारात उभी होती, बोटाला पट्टी बांधलेली.

"गाडीच जुनी हाय," ती म्हणाली. "गेलं आपलं."

मी मान हलवली. तेवढंच केलं. माझ्या जागी ती खोटं बोलली आणि मी बोलू दिलं. त्यांनी माझ्या पायाला हात लावला होता आणि मी तो लावून घेतला होता.

बाळ पाच दिवसांनी घरी आलं. पुन्हा झटका आला नाही. आता ते चांगलं बाळसं धरून आहे. गाडी मी वसमतलाच एका इलेक्ट्रिशियनकडं टाकली. त्यानं जळालेलं स्विच बाहेर काढून माझ्या हातात दिलं. प्लास्टिक वितळून गोळा झालं होतं. फ्यूज कुणी बांधला असं त्यानंही विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "सगळेच बांधतात काका." त्याला सांगून मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही, कारण सांगायचं त्याला नव्हतं.

नवं स्विच बसवलं, बल्ब मापाचे घातले, फ्यूज मापाचे, आणि दोन जास्तीचे डब्यात ठेवले. दर संध्याकाळी अंगणात दिवे लावून बघायचो. लेक ओसरीवर बाळाला घेऊन बसलेली असायची. मी लावायचो, विझवायचो, डिपर मारायचो. ती बघायची.

फाल्गुनात तिला सासरी पाठवायचं ठरलं. बायकोनं डिंकाचे लाडू बांधले, बाळाची टोपडी-दुपटी घडी करून ठेवली. मी हिशोब केला, की दुपारचं ऊन तान्ह्या लेकराला सोसणार नाही. पाच वाजता निघू, दिवेलागणीपर्यंत हिंगोली. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिला तसं सांगितलं. सांगता सांगता गाडीत बसून हेडलाइट लावले आणि तसेच लावून ठेवले. समोरची भिंत, तुळस, कोपऱ्यातला पाण्याचा हौद, सगळं लख्ख दिसत होतं.

"बघ," मी म्हणालो. "एकदम बराबर झालंय आता."

ती बाळाला घेऊन गाडीपाशी आली. उजेडात थोडा वेळ उभी राहिली. मग माझ्या बाजूच्या खिडकीत वाकली.

"दिसून राहिलं बाबा," ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "पण आपण सकाळीच निघू."